पंचवीस टक्के चढवले, तरी तोटा?

प्रश्न : आम्ही घरी राजेळी केळ्यांची सुकेळी करतो. किलोला खर्च ४०० रुपये. २५ टक्के चढवून ५०० ला देतो. आता वसईतला दुकानदार विक्रीवर २५ टक्के कमिशन मागतोय. म्हणजे आम्ही ना नफ्यात ना तोट्यात, बरोबर?
– एक वाचक, गिरीज

उत्तर : नाही, किलोमागे २५ रुपयांच्या तोट्यात. तुमचे २५ टक्के खर्चावरचे, म्हणजे १०० रुपये; दुकानदाराचे विक्रीच्या किमतीवरचे, म्हणजे १२५. हातात उरतात ३७५. ही गफलत सर्रास होते आणि सुधारणंही सोपं आहे.

पदरात ५०० हवेच असतील, तर ५०० ला ०.७५ ने भागा : सुमारे ६६७ रुपये. एवढ्याला गिऱ्हाईक टिकेल का, ते तुम्हीच जाणता. कमिशन १५ टक्क्यांवर आणलंत तर ५८९ पुरतात. नाहीतर थेट विक्रीच बरी.

मुळात ते ४०० तपासा. घरच्यांची मजुरी त्यात आहे का? (बहुतेक घरांत नसते.) शिवाय केळं उन्हात वाळताना वजन बरंच घटतं, खर्च तयार सुकेळ्यांच्या किलोवरच काढा. पाकिटं करणार असाल तर छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा कमिशन ठरवूनच छपाईला द्या.