जर्मनचे पातेले आणि विमानाचा पत्रा



आपल्या घरात जर्मनचे पातेले असतेच. हातातून पडले की त्याला पोचा पडतो. हे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. वजनाला लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश, पण मऊ. विमानेही ॲल्युमिनियमची करतात असे मी वाचले. मग ती कशी वाकत नाहीत?

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "अरे, ते नुसते ॲल्युमिनियम नसते. त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात, आणि त्याला पाणी पाजलेले असते."

पाणी पाजणे आपण पाहिले आहे. लोहारकाका विळा लालभडक तापवतात आणि चर्रकन पाण्यात बुडवतात. विळा लगेच कडक होतो. ॲल्युमिनियमची तऱ्हा मात्र निराळी.

१९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म या शास्त्रज्ञाला ती कळली. त्यांनी ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळले. हा मिश्रधातू सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडवला. लगेच पाहावे तर मऊच! पण काही दिवस नुसता ठेवल्यावर तो आपोआप कडक झाला. या धातूला पुढे ड्युराल्युमिन हे नाव पडले.

असे का होते? गरम चहात साखर विरघळते, तसे तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांबे विरघळते. एकदम गार केले की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. मग हळूहळू आतल्या आत त्याचे अतिशय बारीक कण तयार होतात. धातू वाकतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकत असतात. कागदांची चळत अशीच सहज सरकते. तीत जागोजागी टाचण्या टोचल्या तर सरकेल का? हे कण त्या टाचण्यांचे काम करतात. काही मिश्रधातूंना कारखान्यात १५० ते २०० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात, म्हणजे काम लवकर होते.

अशा धातूंचा उपयोग पुष्कळ. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला विमानांचा कारखाना १९६४ साली निघाला. तेथे मिग-२१ विमाने तयार झाली, त्यांचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा होता. इंजिनातला पिस्टन, विजेच्या काही तारा, खिडक्यांच्या चौकटी, मोटारसायकलची चाके यांतही असे धातू असतात.

चाकावरून आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे आण्णा मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या नेतात. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात आपटून पुढचे चाक वाकले. एका दुरुस्तीवाल्याने ते गॅसच्या ज्योतीवर तापवले आणि ठोकून सरळ केले. दिसायला अगदी नव्यासारखे! पंधरा दिवसांत ते चिरले. आण्णा पडले, हात मोडला. दीड महिना आईनेच डेअरीला दूध घातले.

गुरुजींनी कारण सांगितले. वाकलेले चाक ठोकताना त्यात बारीक चीर पडू शकते. शिवाय जास्त तापवले की ते बारीक कण एकत्र येऊन मोठे आणि विरळ होतात. टाचण्या निघाल्या म्हणा ना! मग धातू पुन्हा मऊ पडतो. आणि ॲल्युमिनियम तापले तरी लोखंडासारखे लाल होत नाही. त्यामुळे किती तापले ते डोळ्यांना कळत नाही.

म्हणून आलेल्या पालकांना विनंती : वाकलेले ॲल्युमिनियमचे चाक तापवून, ठोकून घेऊ नका. बदलूनच घ्या. पैसे जास्त जातील, पण हातपाय शाबूत राहतील.

सांगा पाहू :
१) विळा आणि ड्युराल्युमिन यांना पाणी पाजण्यात फरक काय?
२) सरळ केलेले चाक नव्यासारखे दिसूनही का चिरले?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी