एकट्याचे चार सोबती

नाशिककरांना पावसाळ्यात एक जुनी सवय आहे. दोघे परिचित रस्त्यात भेटले, की एकमेकांचे कुशल विचारण्यापूर्वी ते विचारतात, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले?" गोदावरीच्या पात्रात उभी असलेली ही भव्य मूर्ती म्हणजे आमच्या गावाची पूर मोजण्याची पट्टीच होय. पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आले, की काठावरचे दुकानदार सामानाची हलवाहलव सुरू करतात. आणि ते गळ्याशी पोहोचले, म्हणजे काठावरच्या वस्तीत त्या रात्री कोणी झोपत नाही. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांच्या पुरांच्या आठवणी येथे घरोघरी सांगितल्या जातात.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी नाशिकला पोहोचण्यापूर्वी शहराच्या पश्चिमेस गंगापूरच्या धरणात अडविलेली आहे. हे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. पावसाळ्यात धरण भरत आले, म्हणजे त्यातील पाणी नदीत सोडावे लागते. तत्पूर्वी काठच्या लोकांना सूचना दिली जाते. सूचना आणि पाणी यांच्यामध्ये जो थोडासा अवधी मिळतो, तेवढ्यात ज्याचे जे काही काठावर असेल ते त्याने हलवावयाचे असते. कोणाची टपरी असते, कोणाची गुरे असतात, तर कोणाची होडी असते. अशाच एका होडीची ही हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण महिना होता. मी त्या वेळी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी आनंदवल्लीच्या बाजूने नदीकाठी फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ होता. त्या दिवशी मी काठावर पोहोचलो, तोच ध्वनिक्षेपकावरून सूचना ऐकू आली, की दुपारी धरणातून पाणी सोडण्यात येणार आहे. नदीच्या एका शांत वळणावर एक लहानशी होडी बांधलेली होती. तिचा मालक साठी उलटलेला एक कृश म्हातारा होता. त्या होडीतून जाळी टाकून तो आपला चरितार्थ चालवीत असे. त्याचा मुलगा कामासाठी परगावी गेलेला होता. काठावर दुसरे कोणीही नव्हते.

होडी काही फार मोठी नव्हती. तरीही तिचे वजन शंभर किलोच्या आसपास सहज असेल. ती वाहून नेण्यासाठी दोन चाकांचा एक लोखंडी गाडा चढावर उभा होता. हल्ली त्याला ट्रेलर म्हणतात. त्याचे वजन साठेक किलो. म्हणजे एकूण एकशेसाठ किलोचा भार चिखलाच्या चढावरून वर न्यावयाचा होता, आणि नेणारा एकटा होता!

सर्वच होड्या जड असतात, असे मात्र समजू नका. आपल्याच जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. तेथील दत्तू भोकनळ यांनी लष्करात दाखल झाल्यावर नौकानयनाचे शिक्षण घेतले आणि २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवावयाच्या होडीच्या शर्यतीत भारताचे प्रतिनिधित्व केले. शर्यतीची तशी होडी आठ मीटरांच्या आसपास लांब असली, तरी नियमाप्रमाणे ती चौदा किलो इतकी हलकी असू शकते. तिचा खेळाडू ती स्वतःच उचलून पाण्यापर्यंत नेऊ शकतो. आमच्या म्हाताऱ्याची होडी अशी खांद्यावर बसणारी नव्हती. तिला युक्तीनेच वर आणणे भाग होते.

मी घाईघाईने धोतराचा काचा मारला आणि म्हणालो, "बाबा, चला, मी येतो ओढायला."

त्याने हसून हात जोडले. "गुरुजी, तुमची ताकद राहू द्या. रोज मी एकटाच चढवतो. माझ्या हाताला त्याचा हिशोब ठाऊक आहे. आज दोघे झालो तर एक पुढे ओढील, एक मागे, अन् होडी अंगावर येईल. तुम्ही वर उभे राहा. नदीचे पाणी गढूळ होऊन चढायला लागले, की हाक मारा."

मी थोडासा हिरमुसलो, पण वर जाऊन उभा राहिलो.

मला वाटले, आता तो दोर घेऊन धावेल. परंतु त्याने पत्र्याचा एक डबा घेतला आणि होडीत साचलेले पावसाचे पाणी उपसण्यास आरंभ केला! मला राहवले नाही. मी वरून ओरडलो, "बाबा, वेळ जातो आहे!"

मान वर न करता तो म्हणाला, "घाई पाण्याला असू द्या, गुरुजी. आपल्याला नको. आता उपसले नाही, तर हेच पाणी चढावर ओढावे लागेल."

मी मनाशी हिशोब केला. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. होडीत तीन-चार बादल्या पाणी असेल, तर चाळीस-पन्नास किलोंचा भार झाला. त्याने दहा मिनिटे खर्च केली आणि एका माणसाइतके ओझे कमी केले.

होडी रिकामी झाल्यावर तो गाड्याकडे वळला. चढाच्या माथ्यावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या बुंध्याला त्याने दोराने एक कप्पी बांधली आणि तिची जोडीदार कप्पी गाड्याच्या दांडीला अडकविली. दोन्ही कप्प्यांना दोन-दोन चाके होती. त्यांतून दोर असा ओवला होता, की झाड आणि गाडा यांच्यामध्ये दोराचे चार पदर झाले. मग दोर हळूहळू सोडीत त्याने गाडा उताराने पाण्यात उतरविला. चाके निम्मी बुडाली, तेव्हा तो थांबला, दोर झाडाला पक्का बांधला आणि खाली जाऊन प्रत्येक चाकामागे एकेक मोठा दगड सारला. त्या दगडांना पायाने दाबून पाहिल्यावाचून तो पुढे गेला नाही.

आता होडीची पाळी आली. तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक दोर होता. मागच्या टोकालाही त्याने दुसरा दोर बांधला आणि तो काठावरच्या खुंटीला गुंडाळला. नदीचा प्रवाह होडीची मागची बाजू फिरवू लागला, तर तिला धाक असावा, एवढाच त्याचा हेतू होता. मग त्याने दोन बोटांनी ढकलावे तशी ती होडी ढकलली. ती पाण्यावर तरंगत आली आणि तिची नाळ गाड्याच्या मागील रुळावर अलगद टेकली. शंभर किलोंची होडी, आणि तिला आणावयास दोन बोटे! कारण उघड आहे. तरंगणाऱ्या होडीचे सर्व वजन पाणीच पेलून धरीत असते. जेथवर पाणी हे ओझे वाहते, तेथवर ते माणसाने का वाहावे?

गाड्याच्या पुढील बाजूस एक लहानसा हाताने फिरवावयाचा रहाट बसविलेला होता. त्याला विंच म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाचाच हा धाकटा भाऊ. म्हाताऱ्याने त्याच्या दोराचा आकडा होडीच्या कडीत अडकविला आणि मूठ फिरवू लागला. त्या मुठीचा दांडा सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब होता, आणि ज्या रुळावर दोर गुंडाळला जात होता, त्याची त्रिज्या पाच सेंटिमीटर असावी. म्हणजे हाताने लावलेल्या जोराचा दोराशी पाचपट जोर होत होता. शिवाय त्या रहाटाला दातेरी चक्र आणि एक खटका होता. प्रत्येक दात ओलांडताना 'खट्' असा आवाज होई. तो आवाज झाला, की मूठ सुटली तरी होडी मागे घसरावयाची नाही. खट्, खट्, खट् करीत होडी रुळांवरून पुढे सरकत आली आणि गाड्यावर नीट बसली. भार किंचित पुढच्या अंगाला राहील, असे त्याने पाहिले. तो मागे गेला असता, तर बैलगाडी जशी उलार होते आणि तिच्या धुरा वर उचलल्या जातात, तसाच हा गाडा उलार झाला असता. मग त्याने होडी दोराने आवळून बांधली.

इतक्यात मला नदीच्या मध्यभागी काड्याकचरा वाहत येताना दिसला. पाण्याचा रंग पालटत होता. मी हाक मारली. त्याने फक्त मान डोलविली.

आता खरे अवघड काम उरले होते. चढ असा होता, की आठ मीटर चालावे तेव्हा एक मीटर उंची गाठावी. एकशेसाठ किलोंना अशा चढावर वर ओढण्यास वीस किलोंचा जोर पुरेसा होतो. चिखलाची अडवणूक जमेस धरली, तर तीस. पण दोराचे चार पदर तो जोर आपसांत वाटून घेत होते. म्हणून म्हाताऱ्याच्या वाट्याला अवघे आठ-दहा किलो येत होते. अर्थात ही सवलत फुकट मिळत नाही. गाडा एक मीटर वर यावा, तर चार मीटर दोर ओढावा लागतो. जेवढे बळ वाचते, तेवढे अंतर वाढते.

तो चढावर गाड्याच्या एका अंगाला उभा राहिला. खाली, गाड्याच्या मागे, तो एकदाही गेला नाही. दोर त्याने हाताला गुंडाळून घेतला नाही. हातभर गाडा वर आला, की तो दोर झाडाला अडकवी, बाजूने वाकून दोन्ही चाकांमागे दगड सारी आणि मगच पुन्हा ओढू लागे. मला ती सावधगिरी फाजील वाटू लागली होती. निम्मा चढ संपला असेल. एवढ्यात ओला दोर त्याच्या हातांतून निसटला. गाडा मागे घसरला. माझ्या काळजाचा ठोका चुकला!

परंतु तो गाडा वीतभरही गेला नाही. चाके दगडांना टेकली आणि जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्याने दोर पुन्हा उचलला, हात धोतराला पुसले आणि शांतपणे काम पुढे चालू केले.

होडी बाभळीच्या बुंध्याशी पोहोचली, तेव्हा तो खाली बसला. थोड्या वेळाने आम्ही दोघांनी पाहिले, तर ज्या खुंटीला त्याने दोर गुंडाळला होता, ती लाल पाण्याखाली दिसेनाशी झाली होती.

मी म्हणालो, "बाबा, एकट्याने हे केलेत. धन्य आहे तुमची!"

"एकटा कुठला, गुरुजी?" तो म्हणाला. "होडी पाण्याने आणली, रहाटाने बसवली, कप्पीने चढवली, अन् माझा हात चुकला तेव्हा दगडाने धरून ठेवली. मी आपला ज्याचे काम त्याला सांगत होतो."

घरी परतताना मला आर्किमिडीजची आठवण झाली. हा थोर शास्त्रज्ञ सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी सिराक्यूज या ग्रीक नगरात राहत होता. प्लूटार्क या चरित्रकाराने त्याची एक कथा सांगितली आहे. हायरो राजाला आपल्या विद्येची प्रचिती देण्यासाठी त्याने माणसांनी आणि मालाने भरलेले एक मोठे गलबत कप्प्यांच्या साहाय्याने, दूर बसून, एकट्याने ओढून दाखविले. पाणी वस्तूला किती उचलून धरते, याचा नियमही त्यानेच शोधून काढला. आमच्या म्हाताऱ्याने आर्किमिडीजचे नावही ऐकले नसावे. पण त्याचे दोन्ही धडे त्या सकाळी गोदावरीच्या काठी एका माणसाने बिनचूक गिरविले होते.

मुलांनो, पुढे तुमच्यावरही असा प्रसंग येईल, की काम मोठे आणि तुम्ही एकटे. त्या वेळी एकदम ओढावयास धावू नका. आधी ओझ्यातील निरर्थक पाणी उपसून टाका. तुमच्या बाजूने कोण कोण उभे आहे, ते पाहा आणि ज्याचे काम त्याला सांगा. आणि हात चुकणारच नाही, अशा भरवशावर राहू नका. चाकामागे दगड आधीच लावून ठेवा.

शब्दार्थ
परिपाठ – नेहमीचा क्रम. चरितार्थ – उदरनिर्वाह. नाळ – होडीचे पुढचे टोक. खटका – चक्र उलटे फिरू न देणारी अडकण. उलार – मागच्या बाजूस भार जास्त झालेली (गाडी). प्रचिती – प्रत्यक्ष अनुभव.

स्वाध्याय
१. म्हाताऱ्याने गुरुजींची मदत का नाकारली?
२. होडीतील पाणी आधी उपसल्याने कोणता लाभ झाला?
३. 'जेवढे बळ वाचते, तेवढे अंतर वाढते' हे पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. दोर निसटला, तरी गाडा का घसरला नाही? त्यावरून तुम्ही काय शिकलात?
५. वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, काळजाचा ठोका चुकणे, जमेस धरणे.
६. तुमच्या घरी अगर शेतावर रहाट, कप्पी किंवा उतरण यांचा उपयोग कोठे होतो, ते पाहून दहा ओळी लिहा.