पांढऱ्या सोन्याची धावपळ आणि नागपूरचा एक मॅनेजर

मागच्या बॅचमधला एक मुलगा क्लास सुटल्यावर थांबला. म्हणाला, "सर, आमच्या रोडवर तीन चहाच्या फ्रँचायझी लागल्या. तिन्ही जोरात आहेत. मी पण टाकतो. बाबा दोन एकर विकायला तयार आहेत."

दोन एकर म्हणजे किती, हे आपल्या वर्धा जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. मी त्याला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. फक्त एक गोष्ट सांगितली. व्हिडिओत ती घाईघाईत झाली, म्हणून इथे नीट लिहितो.

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोनं सापडलं, लोक खणायला धावले आणि पैसा कमावला फावडी-घमेली विकणाऱ्यांनी. ही गोष्ट प्रत्येक ट्रेनर सांगतो, तुम्ही दहादा ऐकली असेल. पण तशीच धावपळ आपल्या मातीतही झाली आहे. आपलं सोनं पांढरं होतं, इतकंच.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानावर. हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात याच नावाने ओळखला जायचा. भाव चढले. मुंबईत एवढा पैसा आला की कापूस बाजूला राहिला आणि लोक शेअरच्या कागदांवर तुटून पडले. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला होता!

इकडे काय चाललं होतं? कापसात सरकी, माती मिसळणं, वजन वाढावं म्हणून पाणी मारणं. हे इतकं वाढलं की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. तेजीत गिऱ्हाईक काहीही घेतं, म्हणून दुकानदार काहीही देतो. हे मी माझ्याच लाईनमध्ये डोळ्यांनी बघितलं आहे.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव कोसळले, शेअर कागदाच्या भावात गेले, बँका बुडाल्या. आणि गंमत बघा, मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे माल न्यायची खरी सोय झाली, तेव्हा तेजी संपून गेली होती.

या पडझडीत टाटांची पेढीही सापडली. तरुण जमशेटजी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ते देणेकऱ्यांपासून पळाले नाहीत, समोर बसून हिशोब मांडला. लोकांनी त्यांच्यावर इतका विश्वास टाकला की पेढीची देणी-घेणी निपटवायचं काम त्यांनाच पगारावर दिलं. माझ्या मते अख्ख्या गोष्टीतला सर्वात मोठा नफा हाच.

पुढे जमशेटजींनी कापड गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हा सगळे मुंबईत काढत होते. हे आले नागपूरला. लोकांना हसू आलं असणार. पण हिशोब साधा होता: कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, कापड घेणारा बाजार जवळ. मुंबईला गाठी पाठवायच्या आणि तिथून कापड परत आणायचं, हा दुहेरी भाडेखर्च वाचला.

जागा मिळाली ती दलदलीची. एका स्थानिक सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणतात, की त्यांनी सोनं नाही, माती टाकली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

आता मॅनेजर. जमशेटजींनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता. आधी काय करत होते? जीआयपी रेल्वेत मालवाहतुकीच्या खात्यात नोकरी! सूतकताईचा अनुभव नाही. पण माणसं आणि माल वेळेवर कसा हलवायचा, हे पक्कं माहीत.

सुरुवात काही छान झाली नाही. मशिनरी स्वस्तातली घेतली होती, सूत चांगलं निघेना. मग खर्च करून चांगली मशिनरी बसवावी लागली. (मी दुकानात स्वस्तातला काटा घेतला होता. दोन सिझनमध्ये तीनदा दुरुस्ती.) १८८३ च्या सुमारास रिंग चात्यांचा प्रयोग केला, तेव्हा मुंबईतले जुने गिरणीवाले अजून जुन्याच पद्धतीला धरून होते.

पण मॅनेजरची रोजची डोकेदुखी मशीन नव्हती, माणसं होती. गावाकडून आलेले कामगार सण, लग्न, शेतीची कामं निघाली की सरळ घरी. आपल्याकडे आजही हेच आहे, नाही का? मालक साधारण काय करतो? पगार कापतो, आरडाओरड करतो. बेझनजींच्या काळात इथे नियमित येणाऱ्यांना बक्षिसं देण्याची पद्धत आली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघात भरपाई. कायद्याने अजून कुणी मागितलं नव्हतं तेव्हा.

माझंही सांगतो, म्हणजे मी शहाणा आहे असं वाटायला नको. २०२० मध्ये सगळे सॅनिटायझर विकत होते, मीही भरलं. होलसेलवाला म्हणाला, उद्या मिळणार नाही. मीही चढ्या भावात उचललं. चार महिन्यांत भाव असा आपटला की शेवटचे दोन खोके ओळखीच्यांना वाटून टाकले. तेव्हा मी फक्त शेजारच्या दुकानातली गर्दी बघितली होती. माल किती दिवसांत निघेल, हे एकदाही मोजलं नव्हतं.

त्या मुलाला मी तीन कामं दिली. तिन्ही टपऱ्यांसमोर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एक-एक तास बसायचं आणि कप मोजायचे, आठ दिवस. दूध, साखर, गॅस, भाडं आणि फ्रँचायझीचा वाटा कागदावर मांडायचा. आणि एखादा पोऱ्या आला नाही तर त्या दिवशी चहा कोण करणार, त्याचं नाव लिहायचं.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. दुपारी तिन्हीकडे मिळून एकोणीस कप. बाबांना त्याने पाटलांचा सौदा दिवाळीपर्यंत थांबवायला सांगितला आहे. उरलेले तीन दिवस तो अजून मोजतोय.