बिब्ब्याचे झाड

चालत्या कामात कोणी विघ्न आणिले म्हणजे ‘त्याने बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. ज्या फळावरून हा वाक्प्रचार निघाला ते फळ मात्र पुष्कळांनी पाहिलेले नसते. म्हणून त्याची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

बिब्बा हा आंबा व काजू यांच्या कुळातील वृक्ष होय. त्याच्या प्रजातीस ‘सेमेकार्पस’ म्हणतात. हे नाव धाकट्या लिनेयसाने १७८२ साली प्रसिद्ध केले. ते ग्रीक शब्दांवरून बनविलेले असून त्याचा अर्थ ‘खुणेचे फळ’ असा होतो. या प्रजातीच्या अनेक जाती भारतापासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरल्या आहेत. आपल्याकडे पानझडीच्या रानांत आढळतो तो बिब्बा.

त्याची पाने मोठी असून फांद्यांच्या शेंड्यांशी दाटलेली असतात. फळ चकचकीत काळे, सुमारे एक इंच लांब असते व ते नारिंगी, मांसल देठावर बसलेले दिसते. हा देठ भाजून किंवा वाळवून खातात. आतील बी म्हणजे गोडंबी. ती डिंकाच्या लाडवांत घालितात. परंतु देठ व बी यांच्यामध्ये जे कवच आहे, त्यात दाहक तेल भरलेले असते. हवा लागताच ते काळे पडते आणि कापडावरचा त्याचा डाग धुतल्याने जात नाही. म्हणूनच पूर्वी परीट त्यात चुना मिसळून कपड्यांवर खुणा करीत.

कापडावर जो गुण, तोच कातडीवर दोष ठरतो. हे तेल अंगास लागले असता शरीराची प्रतिकारशक्ती खवळते. पुरळ व फोड बहुधा एकदोन दिवसांनी उठतात, त्यामुळे कारण चटकन ध्यानी येत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर असेच फोड उठले, तेव्हा परटाच्या खुणांतील बिब्बा हे त्याचे मूळ असल्याचे डॉक्टरांनी १९४३ साली दाखवून दिले. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. संस्कृतात बिब्ब्यास ‘अरुष्कर’, म्हणजे व्रण करणारा, असेही नाव आहे.

एक नाव उपयोग सांगते, दुसरे त्याचे मोल सांगते. हे मोल कोण देते? विदर्भात बायका बिबे फोडून गोडंबी काढितात. चीक उडून त्यांचे हात काळवंडतात, त्यांवर फोड येतात. लाडू गोड लागला म्हणजे त्या हातांचे स्मरण विद्यार्थ्यांनी अवश्य ठेवावे.

पालकांस एक विनंती. टाच भेगाळली, मुलाचे पोट दुखले, की बिब्ब्याचा चटका देण्याची चाल अजून काही घरी आहे. वैद्यसुद्धा विटेच्या चुऱ्याने शोधन केल्यावाचून बिब्बा औषधात घेत नाहीत. तेव्हा लेकराच्या कोवळ्या अंगास बिब्बा लावू नये; त्यास डॉक्टरांकडे न्यावे. कापडावरची खूण कपड्याचा धनी ओळखण्यासाठी असे. अंगावरच्या व्रणाने तेवढेही साधत नाही.