विस्मृतिरोग व मेंदूचें चित्र

आपल्या गांवाहून जाणाऱ्या कोंकण रेल्वेच्या उभारणीशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, ते जॉर्ज फर्नांडिस १९८९-९० मध्यें रेल्वेमंत्री होते. हा मार्ग १९९८ सालीं पूर्णपणें खुला झाला. अनेक भाषांत अस्खलित बोलणारा हा वक्ता पुढें अल्झायमर रोगानें ग्रासला गेला व सार्वजनिक जीवनांतून दिसेनासा झाला. २९ जानेवारी २०१९ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

‘साठी बुद्धि नाठी’ म्हणून आपण असल्या विस्मृतीची थट्टा करितों. आमच्या घरांतील एका वृद्धानें एकच प्रश्न दहा वेळां विचारला, तेव्हां आम्ही त्यांच्यावर त्रासून बोललों होतों; तें आजही मनास टोंचतें.

१९०६ सालीं अलॉइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्यानें एका मृत स्त्रीच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. पेशींच्या बाहेर किटणासारखे डाग व पेशींच्या आंत धाग्यांचा गुंता त्यास आढळला. डाग ॲमिलॉइड नामक प्रथिनाचे, गुंता टाऊचा. पुढें जवळजवळ शंभर वर्षें हें दृश्य बहुधा रोग्याच्या मरणानंतरच दिसे. चुंबकाच्या साहाय्यानें काढलेल्या एम. आर. आय. चित्रांत हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग आकसलेला दिसतो खरा (समुद्रघोड्यासारख्या आकारावरून त्यास हें नांव पडलें), परंतु तो पेशींच्या नाशाचा परिणाम होय.

२००४ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग विद्यापीठांतील क्लंक व मॅथिस यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह जिवंत माणसाच्या मेंदूंतील ॲमिलॉइडचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. ॲमिलॉइडला चिकटणारें एक द्रव्य शिरेंत टोंचावयाचें, त्यांत किरणोत्सर्गी कार्बन-११ गुंफावयाचा व पेट यंत्रानें त्याचें किरण टिपावयाचे, अशी ही युक्ति. अडचण एवढीच कीं, हा कार्बन दर २० मिनिटांनीं निम्मा होतो. मुंबईस केलेलें द्रव्य सहा तासांनीं रत्नागिरीस आणलें, तर तें अठरा वेळां निम्मे होऊन सुमारें २,६२,००० भागांतील एकच भाग उरेल! वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित अवश्य करून पाहावें. म्हणून पुढें फ्लोरीन-१८ घेतलें. तें सुमारें ११० मिनिटांनीं निम्मे होतें, म्हणजे तेवढ्याच प्रवासांत दशांश तरी शिल्लक राहतें. असें ॲमिलॉइड दाखविणारें द्रव्य अमेरिकेंत २०१२ सालीं व टाऊ दाखविणारें २०२० सालीं मान्य झालें.

तथापि ह्या चित्रांत एकेक पेशी दिसते, असें कोणीं समजूं नये. कोणत्या भागांत किती सांठा झाला, एवढेंच कळतें. शिवाय ज्यांची स्मृति शाबूत आहे, अशा कित्येक वृद्धांच्या मेंदूंतही ॲमिलॉइड आढळतें. तेव्हां केवळ चित्रावरून कोणास रोगी ठरवितां येत नाहीं.

उलट प्रत्येक विस्मृति म्हणजे हा रोग नव्हे. थायरॉईडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचें औदासीन्य यांमुळेंही माणूस विसरूं लागतो, आणि यांवर उपाय आहेत. पहिल्या दोहोंसाठीं पेट यंत्र नको, साधी रक्ततपासणी पुरते. आमच्या त्या वृद्धांची तीही कोणीं केली नव्हती.