ट्रॉलीवरचे आच्छादन : कोणते घ्यावे, कसे घालावे



गाळप संपले, उसाच्या खेपा थांबल्या, की ट्रॉली घराकडे येते. उन्हाळ्यात शेणखताच्या चार खेपा होतात. मिरगाचा पाऊस लागला की पुढे चार-साडेचार महिने ती गोठ्याशेजारी नाहीतर चिंचेखाली उभी. ट्रॉली कामावर असताना जेवढी खराब होत नाही तेवढी या उभ्या काळात होते. म्हणून तिच्यावर काय घालावे, असे सभासद आम्हाला विचारतात, आणि शेती विभागातले आम्ही लोक सांगतो, "एखादा कागद टाका की."

या उत्तराने आम्ही एकदा चांगलेच तोंडघशी पडलो. आमच्या गटातल्या एका सभासदाने कर्ज काढून ट्रॉली घेतली होती. त्यांना आम्हीच सांगितले होते, "प्लॅस्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी आवळून बांधा, वारासुद्धा आत जाता कामा नये." त्यांनी तसेच केले, दोन पावसाळे केले. तिसऱ्या हंगामात मोळी घेऊन चढलेल्या तोडकऱ्याचा पाय मागच्या कोपऱ्यातला पत्रा फोडून खाली गेला. पिंढरीला आठ टाके पडले. अजून हप्ते फिटायचे होते. त्यांच्या भावाची जुनी ट्रॉली मात्र मागचा फाळका सोडून उघड्यावरच भिजत होती. तिचा पत्रा वरून लाल झाला होता, पण हातोडी मारली तर खणखणीत वाजत होता. तेव्हा आम्ही आमचे तोंड बंद केले आणि हा विषय नीट समजून घेतला.

झाले होते ते असे. कागद घालण्याआधी ट्रॉली धुतलीच नव्हती. तळाला शेणखताचा थर, कोपऱ्यात उसाचे पाचट, आणि पोटॅशच्या फुटक्या पोत्यातली सांडलवण. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. मिठाच्याच जातीचे ते. ते हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. उसाच्या रसाचा चिकटा आंबतो, त्यात आम्ल तयार होते. जमिनीतली वाफ खालून वर येते. दिवसा कागदाखाली गरम, रात्री कागद गार. मग आतली वाफ कागदाला लागून पाणी होते आणि थेंबथेंब पत्र्यावर पडते. सकाळी चहाच्या भांड्यावरचे झाकण उचलून पाहा, तोच प्रकार. बाहेरचा पाऊस थांबतो, हा आतला पाऊस रोज पडतो. उघड्या ट्रॉलीला दोन दिवस उघडीप मिळाली तर ती वाळते, आवळून बांधलेली वाळतच नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक दिवस त्याहून जास्तच असते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यालाही हे चुकत नाही. कोंडलेल्या ओलीत त्याच्यावर पांढरी भुकटी धरते.

तेव्हा पाणी वरून अडवायचे आणि हवा बाजूने खेळती ठेवायची, ही दोन्ही कामे आच्छादनाने केली पाहिजेत. एकच होत असेल तर आच्छादन न घातलेले बरे. हे आम्ही मुद्दाम लिहितो. ज्याला चांगले आच्छादन परवडत नसेल त्याने ट्रॉली स्वच्छ धुवावी, पुढची दांडी उंच टेकू देऊन ठेवावी आणि मागचा फाळका सोडावा. पाणी वाहून जाईल. त्यात कमीपणा काही नाही.

परदेशात मोटारीमागे जोडून सहलीला न्यायच्या छोट्या मुक्कामी ट्रेलरांसाठी शिवलेली आच्छादने मिळतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत छताचा भाग पाणी न झिरपणारा आणि बाजू हवा सोडणाऱ्या कापडाच्या असतात. म्हणजे तिथल्या लोकांनाही हाच धडा शिकावा लागला.

आता माल कोणता घ्यावा? आपल्याकडे घरोघर सापडतो तो शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला तुकडा. तो पाचशे मायक्रॉनचा, मजबूत, पण ताठ. घडी बसत नाही, बांधायला रिंगा नाहीत, आणि पंधरा बाय बाराचा तुकडा आठ किलोच्या आसपास भरतो. कडब्याच्या गंजीवर तो घाला, ट्रॉलीवर नको. दुसरे म्हणजे निवडणुकीनंतरचे फ्लेक्स. फुकट मिळतात हे खरे, पण उन्हाने ते तडकतात. शिवाय चार महिने रोज सकाळी पडलेल्या उमेदवाराचे तोंड कोणी पाहावे!

मेण लावलेली जाड सुती ताडपत्री ही जुनी आणि आमच्या मते अजूनही उत्तम. ओली झाली की तिचे धागे फुगतात, विणीतली भोके मिटतात आणि पाणी अडते. तरी ती थोडी हवा सोडते. पण ती जड, महाग, आणि ओली घडी केली तर बुरशीने कुजते. घरात हलवाहलव करायला दोन माणसे असतील तरच घ्यावी.

बहुतेकांना परवडणारी म्हणजे विणलेल्या प्लॅस्टिकची, दोन्ही बाजूंनी लेप दिलेली ताडपत्री. ही अजिबात हवा सोडत नाही. म्हणून ती चालते, पण बांधण्याची पद्धत बदलावी लागते. घेताना आय.एस. ७९०३ हा मानक क्रमांक आणि जी.एस.एम. पाहावे. जी.एस.एम. म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. दुकानदार "दोनशेची आहे" म्हणतो तेव्हा मान डोलवू नका, काट्यावर टाका. पंधरा बाय बारा फूट म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. दोनशे जी.एस.एम. असेल तर वजन सव्वातीन-साडेतीन किलो भरले पाहिजे. दोन किलोच भरले तर ती एकशेवीसची आहे. मापही टेपने घ्यावे. कडा दुमडून शिवल्यावर ताडपत्री लिहिलेल्या मापापेक्षा थोडी कमी भरते. उन्हाला टिकण्याची प्रक्रिया केलेली आहे का, हेही विचारावे. साधे प्लॅस्टिक उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत चुरा होते. काजळी मिसळलेला काळा माल उन्हाला त्यापेक्षा जास्त टिकतो.

आपल्या कार्यक्षेत्राबाहेरही हा अंक जातो म्हणून लिहितो. गगनबावडा, राधानगरीकडच्या मंडळींनी पावसाकडे बघून आच्छादन घ्यावे. सांगोला, मंगळवेढ्याकडे पावसापेक्षा ऊन मोठा वैरी. तिथे ट्रॉलीइतकेच टायर झाकणे महत्त्वाचे, कारण उन्हाने रबराला भेगा जातात. सगळीकडेच आसाखाली दगड किंवा लाकडी ओंडके देऊन टायरवरचा भार काढावा. ट्रॉली एका बाजूला कलंडणार नाही हे पाहूनच.

माप कसे धरावे? समजा हौदा दहा बाय सहाचा आणि फाळके दोन फूट उंच. लांबी दहा अधिक दोन्हीकडचे दोन-दोन, म्हणजे चौदा. रुंदी सहा अधिक चार, म्हणजे दहा. मधे दीड फूट उंच आढे धरले तर उतारासाठी रुंदीत आणखी नऊ इंच लागतात. वर वीतभर लोंबायला हवे. म्हणून पंधरा बाय बारा. त्याहून मोठी घेऊन जमिनीपर्यंत सोडू नये. तिथेच हवा कोंडते, आणि आत उंदीर, गांधीलमाशा संसार थाटतात.

आढे म्हणजे पुढच्या फाळक्यापासून मागच्या फाळक्यापर्यंत उंच धरलेला वेळू. हे आढे कोणी टाळू नये. सपाट घातलेल्या ताडपत्रीवर डबके साचते. सहा बाय चार फुटांचे, सरासरी तीन इंच खोल डबके म्हणजे सुमारे १७० लिटर पाणी, म्हणजेच १७० किलो. रिंगा उपटतात त्या वाऱ्याने कमी आणि या वजनाने जास्त. वेळूच्या टोकांना आणि फाळक्यांच्या कोपऱ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावे. बारदान गुंडाळू नये, ते ओल धरून ठेवते. बांधायलाही ट्यूबच्याच पट्ट्या घ्याव्या. वारा आला की त्या ताणतात आणि परत येतात. नायलॉनचा दोर रबराइतका ताणत नाही, मग रिंग फाटते. दोन्ही टोकांना आढ्याखालचा त्रिकोण मोकळा ठेवावा, आणि बाजूंना ताडपत्री व फाळका यांत हात जाईल एवढी फट.

रस्त्याकडेला ट्रॉली उभी करावी लागत असेल तर ताडपत्रीखाली रिफ्लेक्टर झाकले जातात, हे लक्षात ठेवा. झाकलेली ट्रॉली अंधारात ढिगाऱ्यासारखी दिसते. मागच्या पदरावर लाल चकाकणारी पट्टी चिकटवावी. खरे तर ती रस्त्यापासून आत घ्यावी.

घालण्याआधीची कामे थोडक्यात. तळ खरवडून भरपूर पाण्याने धुवा, सांध्यातली माती काढा, दोन दिवस उन्हात वाळवा, गंजल्या जागी घासून रेडऑक्साइड लावा, बिजागऱ्यांना ग्रीस द्या. हे मे महिन्यात होते. जूनमध्ये होत नाही.

श्रावणात ऊन पडले की एक बाजू आढ्यावर उलटवून आत पाहावे. हात फिरवला आणि तळवा ओला आला, तर फट वाढवावी. नवरात्रात ताडपत्री काढल्यावर ती दोरीवर पूर्ण वाळवावी, शेण लागले असेल तर नुसत्या पाण्याने धुवावे, आणि सैल गुंडाळी करून आढ्याला टांगावी. कोपऱ्यात घडी करून ठेवली तर पुढच्या वर्षी उंदरांनी कातरलेली चाळण हाती येते.