चर्चमधील मांजर : एक गोष्टीपाठ

लंडनमधील सेंट पॉल कॅथीड्रलजवळ सेंट ऑगस्टीन नावाचे लहान चर्च होते. १९३६ साली एक बेवारशी मांजर तेथे येऊ लागली. सेवकाने हाकलले तरी ती परत येई. अखेर तेथील धर्मोपदेशकांनी तिला ठेवून घेतले व ‘फेथ’, म्हणजे श्रद्धा, असे नाव दिले.

ऑगस्ट १९४० मध्ये तिला एक पिल्लू झाले. सप्टेंबरच्या आरंभी ती ते तोंडात धरून तळघरात नेऊ लागली. वर आणून ठेवावे, तर ती पुन्हा खाली नेई. ९ सप्टेंबरच्या रात्री बाँब पडून चर्च उद्ध्वस्त झाले. धर्मोपदेशकांना ढिगाऱ्याखालून क्षीण ‘म्यांव’ ऐकू आले. माय व पिल्लू दोन्ही जिवंत निघाली. १९४५ साली मांजरीस रौप्यपदक मिळाले.

येथवर गोष्ट सोपी आहे. पुढे मुले हमखास म्हणतील, “गुरुजी, तिला आधीच कळले होते!” त्यांना लगेच खोडून काढू नये. मांजर पिल्ले सात घरी फिरविते असे गावात म्हणतात, ते आठवावयास सांगावे. कोणाच्या घरी कणगीमागे, कोणाच्या माळ्यावर पिल्ले सापडली असतील. तेथे तर बाँब पडला नव्हता.

मग फळ्यावर दोन रकाने आखावेत : ‘पाहिले’ आणि ‘मानले’. गोष्टीतील एकेक वाक्य मुलांनीच योग्य रकान्यात घालावे. ‘मांजर शूर होती’ हे कोठे घालावे, यावर वाद झाल्यास तास संपेपर्यंत तो चालू द्यावा.